रुसलेल्याला झेंडी नाही

गावाला रेल्वे स्टेशन कसं मिळालं हे अध्यक्षांना विचारू नका. ते छाती फुगवून सांगतील की त्यांच्या आजोबांनी गावासाठी रुळांवर आडवं पडून गाडी रोखली. आडवे पडले होते हे खरं आहे. पण कशासाठी ते नको, कशामुळे ते विचारा. शेतांच्या पलीकडे तेव्हा दारूचा एक गुत्ता होता. आजोबा तिथून घरी निघाले, वाटेत रूळ लागले, आणि गार लोखंडाला उशी समजून तिथेच झोपले. ड्रायव्हरने कशीबशी गाडी थांबवली, खाली उतरला आणि आजोबांच्या मागच्या सात आणि पुढच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. आजचे अध्यक्ष त्यात आलेच.

पुढे चौकशीला साहेब आला, तोवर आजोबा शुद्धीवर आले होते. माणूस बिलंदर. म्हणाला, "आमच्या गावाला स्टेशन पाहिजे, म्हणून आडवा झालो होतो." साहेबाने तसं वर कळवलं. वरच्यांनी विचार केला, रोज कोणीतरी आडवं होण्यापेक्षा थांबा देऊन टाकलेला बरा. आणि आजोबा ज्या जागी घोरत पडले होते, बरोब्बर तिथेच स्टेशन उभं राहिलं. म्हणून ते गावापासून इतकं लांब आहे. गुत्ता पुढे बंद पडला, स्टेशन राहिलं.

हे सगळं स्टेशनवरच्या झेंडीकाकूंना त्यांच्या सासऱ्यांनी सांगितलं होतं. सासरे तेव्हा रुळांच्या कामावर होते आणि आजोबांना उचलून बाजूला ठेवणाऱ्यांत होते. वासासकट सांगायचे.

उद्घाटनाची गंमत तर याहून मोठी. रेल्वेचे बडे साहेब स्टेशनचं उद्घाटन करायला आले ते मोटारीने! रेल्वेने या गावात यायला किती वेळ लागतो हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? मग साहेबांचं स्वागत रस्त्याच्या बाजूने करायचं म्हणून गावकऱ्यांनी फलाटावरचा सिमेंटचा बाकही रस्त्याकडे तोंड करून बांधून घेतला. साहेब आले, बाकावर बसले, उठले, गेले. बाक तसाच राहिला. रुळांकडे पाठ आणि गावाकडे तोंड. जगात दुसरीकडे कुठे गाडीची वाट मान मुरगाळून बघतात की नाही कोण जाणे, या गावात बघतात.

आणि गाडीही साधी नव्हे. ती इथे मनाने थांबत नाही. कोणी उतरणारं असलं तर गार्ड थांबवतो. चढणारं असलं तर फलाटावरून लाल झेंडी दाखवावी लागते, तरच थांबते. नाहीतर शिट्टी फुंकून धाडधाड निघून जाते. ती झेंडी दाखवायचं काम आधी काकूंच्या नवऱ्याचं होतं, तो गेल्यावर काकूंचं झालं. तिकीट देणं, फलाट झाडणं, नळ गळतो तिथे बादली लावणं आणि झेंडी दाखवणं. राहायला तिकिटाच्या खिडकीमागची एक खोली. खोलीत स्टोव्ह, खाट, ट्रंक, आणि भिंतीवर दोन खिळे, एकावर लाल झेंडी, एकावर हिरवी. काकूंचं काम कराराचं होतं आणि करार गावाच्या शिफारशीवर पुढे वाढवला जाई. गावाची शिफारस म्हणजे अध्यक्षांची सही. गावात चार माणसं एकत्र आली की हा माणूस अध्यक्ष. शाळेचा अध्यक्ष, दूधवाल्यांचा अध्यक्ष, स्मशानाच्या कुंपणासाठी समिती झाली तिचाही अध्यक्ष. त्याची बायकोसुद्धा त्याला अध्यक्षच म्हणायची, आणि त्याला त्यात काही वावगं वाटायचं नाही.

आता एवढ्या लांबच्या स्टेशनचा गावाने उपयोग काय केला? प्रवास? छे! गावाने त्याचा उपयोग रुसायला केला.

घरात भांडण झालं की पिशवी भरायची, पाय आपटत दार उघडायचं आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायचं, "मी चाललो स्टेशनवर!" रणरणत्या उन्हातून एवढं चालल्यावर निम्मा राग घामावाटे निघून जाई. उरलेला बाकावर बसून निघे, कारण बाकाचं तोंड गावाकडे. बसणारा बिचारा बघत राही, कोणी समजूत काढायला येतंय का. मग गाडी यायची, काकू झेंडी दाखवायच्या नाहीत, गाडी निघून जायची. रुसलेला माणूस घरी जाऊन ताठ मानेने सांगायचा, "गाडी थांबलीच नाही, नाहीतर गेलोच होतो मी." गावात कोणी फुशारकी मारली की अजूनही म्हणतात, हो हो, गाडी थांबली नाही, नाहीतर गेलाच होतास.

हा नियम काकूंच्या नवऱ्याने घातलेला. रुसलेल्याला झेंडी नाही. झेंड्यांबरोबर काकूंनी नियमही वारशात घेतला आणि नवऱ्यापेक्षा कडक पाळला. त्यांची जीभ म्हणजे कानस होती. रिटायर झालेले मास्तर एकदा आमटी अळणी झाली म्हणून घर सोडून आले. आख्खी उशी बगलेत मारून!

काकूंनी चहाचा कप त्यांच्यापुढे आपटला. "मास्तर, उशी घेऊन कुठे निघालात?"

"कुठेही. जिथे माणसाला किंमत आहे तिथे."

"तिथलं तिकीट नाही माझ्याकडे. आणि मीठ काय, डबा तुमच्या हाताजवळच असेल. उठून घेतलं असतंत तर इथवर तंगडतोड झाली नसती."

मास्तर चहा संपवून उशीसकट घरी गेले. असले पुष्कळ. काकूंना या मंडळींचा मनापासून तिटकारा होता. जायचं नसतं, नुसता भाव खायचा असतो, असं त्या म्हणत आणि खरंच म्हणत. गंमत एवढीच की काकूंना स्वतःला रुसायची सोय नव्हती. सगळं गाव रुसून स्टेशनवर यायचं, त्या स्टेशनवरच राहायच्या. नवरा होता तेव्हा एकदा त्या रुसून गावात गेल्या होत्या. तिथे ज्या घरात गेल्या तिथली बाई त्यांच्याआधीच रुसून स्टेशनवर गेलेली. तेव्हापासून त्यांनी रुसणं सोडून दिलं.

पुरुष रुसून येत तसं बायकाही येत. काकूंनी त्यांनाही त्याच कानशीने घासलं. "अगं, जा घरी. दूध उतू गेलं असेल." बाई डोळे पुसत उठायची. मागून नवरा सायकल घेऊन यायचा, काकूंना म्हणायचा, "उपकार झाले, काकू." काकू मान हलवायच्या. आपण गावाचे संसार शिवतोय असं त्यांना वाटायचं, आणि ते वाटणं त्यांना आवडायचंही. खोटं कशाला सांगा?

मग एका सकाळी अध्यक्षांची सून आली.

तिच्याजवळ पिशवी होती, पण ती बाकावर बसली नाही. सरळ खिडकीशी आली आणि म्हणाली, "काकू, एक तिकीट द्या."

"कुठलं?"

"माझ्या बहिणीच्या गावचं. नाहीतर कुठलंही द्या."

'कुठलंही' ऐकलं आणि काकूंनी खिडकीची फळी खाली ओढली. कुठलंही म्हणणारे सगळे रुसलेलेच असतात, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा अनुभव. "जा घरी, पोरी. रुसलेल्याला झेंडी नाही."

"मी रुसले नाहीये, काकू."

"सगळे असंच म्हणतात."

गाडी आली. सून फलाटाच्या कडेशी उभी होती, रुळांकडे तोंड करून. गाडी गेली तशी तिचे केस उडाले, एवढंच. थोड्या वेळाने अध्यक्षांची मोटार धुरळा उडवत आली. अध्यक्ष उतरले, काकूंना म्हणाले, "उपकार झाले," आणि सुनेला म्हणाले, "बस." ती मागच्या सीटवर बसली. जाताना तिने काकूंकडे पाहिलंसुद्धा नाही.

पुढे काकू मीठ-साखर आणायला गावात गेल्या, तेव्हा ती दुकानात दिसली. उजव्या हाताची दोन बोटं प्लास्टरमध्ये.

"काय झालं गं?"

"दारात सापडली."

"कोणी लावत होतं दार?"

दुकानदार एकदम वजनकाट्यात फार लक्ष घालू लागला. सगळ्या गावाला माहीत होतं, अध्यक्षांच्या चिरंजीवांचा हात सुटतो. सगळ्या गावाला माहीत होतं आणि सगळं गाव वजनकाट्यात बघत होतं. काकू साखर न घेताच परत आल्या. वाटभर स्वतःला शिव्या घालत आल्या. मेली, तुला मास्तरांची उशी आणि या पोरीची पिशवी सारखीच दिसली? ती बाकावर बसली नव्हती. एवढ्या वर्षांत कडेशी जाऊन रुळांकडे तोंड करून कोण उभं राहिलं होतं? डोळे होते का बटणं? त्या दिवसापासून काकूंना चहा गोड लागेना.

अशातच स्टेशनचा वर्धापनदिन उगवला. आजवर कधी कोणी केला नव्हता, पण अध्यक्षांना निवडणूक लढवायची होती, त्यामुळे इतिहासाची आठवण झाली. ते स्वतः काकूंच्या खोलीत आले, खाटेवर बसले, छताकडे बघून म्हणाले, "काकू, तुमचा सत्कार करायचाय."

"माझा? मी काय केलं?"

"अहो, गावातला एकही संसार तुम्ही मोडू दिला नाहीत! बडे साहेब येणारेत. सत्कार झाला की पुढच्या करारावर त्यांच्यासमोर सही करतो. खोली तुमची पक्की. फक्त एक करा. त्या दिवशी गाडी थांबवायची नाही."

"म्हणजे?"

"ऐन भाषणाच्या वेळी येते ती. मध्येच ब्रेक आणि चढउतार नको. जाऊ दे तशीच."

"स्टेशनचा वाढदिवस," काकू म्हणाल्या, "आणि गाडी थांबवायची नाही."

"एका दिवसाचा तर प्रश्न आहे," अध्यक्ष म्हणाले. त्यांना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. ते त्यांना कशातच दिसत नसे.

साहेब आले. कशाने ते सांगायला नको. मोटारीनेच आले. म्हणून स्टेज रस्त्याच्या बाजूला, खुर्च्या स्टेजकडे तोंड करून, आणि सगळ्या गावाची पाठ रुळांकडे. जसा बाक तशी माणसं. स्टेजवर साहेब, अध्यक्ष, आणि कडेच्या खुर्चीवर काकू, बगलेत दोन्ही झेंड्या. "झेंड्या ठेवा की खाली," कोणीतरी कुजबुजलं. काकू म्हणाल्या, "असू देत, सवय आहे." पहिल्या रांगेत अध्यक्षांचे चिरंजीव, नवा शर्ट घालून, आईशेजारी.

सून पाहुण्यांना पाणी देत फिरत होती. बोटं बरी झाली होती, पण एक जरा वाकडंच राहिलेलं. काकूंसमोर ट्रे आला. काकूंनी ग्लास उचलला आणि तिच्याकडे पाहिलं. या वेळी तिनेही पाहिलं. काही मागितलं नाही. एकदा मागून झालं होतं.

अध्यक्षांनी माइक हातात घेतला. आजोबांपासून सुरुवात झाली. आजोबा रुळांवर आडवे झाले, देह ठेवायला तयार झाले, वगैरे वगैरे. काकूंना सासऱ्यांनी सांगितलेला वास आठवला. तेवढ्यात खुर्च्यांच्या मागे काहीतरी हललं. सुनेने ट्रे बाकावर ठेवला. हात पुसले. मग चालत फलाटाच्या कडेशी गेली आणि रुळांकडे तोंड करून उभी राहिली. जवळ पिशवी नव्हती. काही म्हणजे काहीच नव्हतं.

दुरून शिट्टी आली.

समोर टेबलावर करार होता, पेन त्यावर आडवं ठेवलेलं. झेंडी दाखवली तर खोली गेली, स्टोव्ह कुठे ठेवायचा, या वयात कोणाच्या दारात उभं राहायचं? नाही दाखवली तर ती पोरगी पुन्हा त्याच मोटारीच्या मागच्या सीटवर बसणार, आणि या वेळी काय काय दारात सापडेल? काकू भ्यायल्या. पण त्यांना स्वतःचा रागही आला, आणि तो भीतीपेक्षा मोठा होता.

त्या उठल्या, स्टेजच्या बाजूच्या पायऱ्या उतरल्या आणि खुर्च्यांना वळसा घालून चालू लागल्या. लोकांना वाटलं, म्हातारं माणूस आहे, लघवीला निघाली असेल.

"या बाईंनी," अध्यक्ष माइकमध्ये सांगत होते, "या गावातला एकही संसार मोडू दिला नाही!"

टाळ्या पडल्या. काकूंनी लाल झेंडी हात ताठ करून धरली. गाडीने ब्रेक मारले, रूळ किंचाळले आणि आख्खी गाडी सगळ्या गावाच्या पाठीमागे येऊन उभी राहिली. लोकांनी माना मुरगाळून पाहिलं. साहेबांना वाटलं, कार्यक्रमाचाच भाग आहे. ते उभे राहून टाळ्या वाजवू लागले. "वा! गाडीनेच मानवंदना! काय कल्पना आहे!" साहेब उभे राहिले म्हणून गाव उभं राहिलं. दोन खुर्च्या उलथल्या. माणसांची भिंत झाली, आणि त्या भिंतीपलीकडचं फक्त एकालाच दिसत होतं, उंच स्टेजवर माइक धरून उभ्या असलेल्या अध्यक्षांना.

"चढ," काकू म्हणाल्या. "तिकीट गार्डकडे घे." त्यांनी कमरेची पैशांची चंची तिच्या हातात कोंबली.

"काकू, तुमचं काय होईल?"

"माझं मी बघते. चढ आता, का आमंत्रणपत्रिका छापू?"

सून चढली. काकूंनी हिरवी झेंडी हलवली. अध्यक्षांच्या तोंडाचा आ झाला होता आणि माइकमधून नुसता त्यांचा श्वास ऐकू येत होता. ओरडावं तर साहेब शेजारी टाळ्या वाजवताहेत. पळावं तर सगळं गाव समोर. शेवटी त्यांनीही टाळ्या वाजवल्या. काय करतील? सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होते ते चिरंजीव. बापाचा एवढा मोठा कार्यक्रम पाहून त्यांना भरून आलं होतं.

साहेब गेल्यावर अध्यक्षांनी करार काकूंच्या देखत फाडला. "माझ्या घराची अब्रू घालवलीत!"

"अब्रू गाडीत नाही बसली," काकू म्हणाल्या. "ती पोरगी बसली. अब्रू घरात बघा, दारात सापडली असेल कुठेतरी."

झेंड्या अध्यक्षांच्या भाच्याकडे गेल्या. तिशी उलटलेला, अंगाने आडवा, डोक्याने त्याहून. गावाने काकूंशी बोलणं टाकलं. मास्तरसुद्धा तोंड फिरवून गेले, ज्यांना एवढ्या वेळा फुकट चहा पाजला होता ते! खोली रिकामी करायला सांगितलं त्या दिवशी काकूंनी ट्रंक भरली, स्टोव्ह बांधला, आणि भाऊ राहत होता त्या शहराचं तिकीट मागायला आपल्याच खिडकीच्या बाहेर उभ्या राहिल्या. त्या बाजूने खिडकी एवढी उंच आहे हे त्यांना पहिल्यांदाच कळलं.

भाच्याने फळी अर्धी वर केली. "कुठे निघालात, काकू?"

"भावाकडे."

"राग धरू नका. जा घरी."

"कोणत्या घरी? माझ्या खोलीत तू बसलायस."

भाचा जरा गोंधळला. मग त्याला पाठ असलेलं आठवलं आणि चेहरा उजळला. "रुसलेल्याला झेंडी नाही, काकू. तुमचाच नियम आहे." त्याने फळी खाली ओढली, बाहेर आला, झेंड्या बगलेत मारून बाकावर बसला. गावाकडे तोंड करून.

काकू फलाटाच्या कडेशी गेल्या. शिट्टी ऐकू आली. ही शिट्टी त्यांनी जन्मभर ऐकली होती, पण झेंडी परक्याच्या बगलेत असताना कधी ऐकली नव्हती. आपली गाडी येतेय, आणि एक ठोंब्या बसल्या जागी ठरवणार की आपण जाणार की नाही. मग त्यांच्या डोळ्यांसमोर एकेक बाई आली. दुधाची आठवण करून दिली ती, सायकलवरून परत गेली ती, जिने तोंडावर पदर दाबला होता ती. त्यांतल्या किती जणी खरंच निघाल्या होत्या? काकूंनी एकीलाही विचारलं नव्हतं.

"अरे, ऊठ. दाखव झेंडी."

"काकू, मामा ओरडतील."

गाडी वळणावर दिसली. काकू वळल्या, चार पावलांत बाकाशी आल्या, आणि भाच्याच्या बगलेतून लाल झेंडी अशी ओढली की तो बाकावरून खाली आला. "मामाला सांग, गाडी थांबली."

थांबली. गार्ड डब्याच्या दारातून खाली वाकला. जुना माणूस, वर्षानुवर्षं तो काकूंना त्याच जागी झेंडी धरून उभं असलेलं बघत आला होता. त्याने नेहमीप्रमाणे फलाटावर इकडेतिकडे पाहिलं.

"कोण चढणार आहे, काकू?"

"मी," काकू म्हणाल्या, आणि ट्रंक त्याच्या हातात दिली.